दंड कोणी द्यावा? पालीची बल्लाळकथा आणि डोगाची चित्रकथा

१

चित्रकथा हा वाङ्मयप्रकार विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत उशिरा आला, आणि आल्यावरही त्याच्याकडे बहुधा समाजशास्त्रीय पुरावा म्हणूनच पाहिले गेले. त्यातील नैतिक विचाराची चिकित्सा क्वचितच होते. बालांच्या करमणुकीसाठी छापलेल्या रंगीत पानांत नीतिशास्त्राला विचार करण्याजोगे काय असणार, असा एक अव्यक्त समज त्यामागे असतो. हा समज दोन कारणांनी टिकत नाही. पहिले असे की, गेल्या चार दशकांत महानायकाच्या चित्रकथेची एक शाखा प्रौढ वाचकाकडे वळली असून तिने शौर्यापेक्षा शौर्याच्या किमतीचा विचार केला आहे. दुसरे कारण असे की, या शाखेने उभा केलेला मुख्य प्रश्न मराठी परंपरेला नवा नाही. अन्याय सोसलेल्याच्या हाती दंड देण्याची शक्ती आली तर तिचा अधिकार कुठवर पोहोचतो, हा तो प्रश्न होय. रायगड जिल्ह्यातील पाली येथील बल्लाळेश्वराच्या स्थलकथेच्या मध्यभागी तोच प्रश्न उभा आहे.

प्रस्तुत लेखात पालीची कथा आणि मुंबईत घडणारी डोगाची चित्रकथा एकमेकींशेजारी ठेवून त्यांतील नैतिक पेच व प्रतीके तपासली आहेत. एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे येथे सुचवावयाचे नाही. एकाच प्रश्नाला दोन भिन्न कथारूपे कोणती उत्तरे देऊ शकतात, एवढेच पाहावयाचे आहे.

२

महानायकाच्या चित्रकथेचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत सुपरमॅन १९३८ साली व बॅटमॅन १९३९ साली अवतरला. १९५४ साली तेथील प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती निर्माण होऊ नये, पोलिस व न्यायाधीश यांची अप्रतिष्ठा होऊ नये आणि शेवटी सत्याचाच जय व्हावा, अशी तिची अपेक्षा होती. या बंधनांमुळे नायकाच्या कृतीविषयी शंका घेण्याची सोयच उरली नाही. १९८६-८७ साली ॲलन मूर यांनी लिहिलेली व डेव्ह गिबन्स यांनी चित्रित केलेली ‘वॉचमेन’ ही बारा अंकांची कथा प्रसिद्ध झाली, आणि मुखवटा घालून गुन्हेगाराला शासन करणारा मनुष्य स्वतः कोणत्या व्याधीने ग्रस्त असतो, हा विचार तिने उघडपणे मांडला. जिला कृष्णछाय चित्रकथा म्हणता येईल, त्या शाखेची ही ठळक खूण होय.

मराठी वाचकाला मुखवट्याचा नायक त्याआधीच भेटला होता. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स ही माला सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. तिच्या मराठी आवृत्तीत फॅन्टम हा अमेरिकी नायक ‘वेताळ’ या नावाने आला. हे नामांतर अर्थपूर्ण आहे. कोकणातील अनेक गावांच्या वेशीवर वेताळ हे रक्षक दैवत आहे. पंचविशीच्या कथांत तोच विक्रमाच्या खांद्यावर बसून नीतीचे कूटप्रश्न घालतो. रक्षण करणारा आणि प्रश्न विचारणारा अशा दोन्ही भूमिका या एका नावात होत्या. इंद्रजालच्या वेताळाने मात्र त्यांतील पहिलीच उचलली. तो रक्षण करीत राहिला. त्याला कोणी प्रश्न केला नाही, त्यानेही कोणाला केला नाही. प्रश्न विचारणारा वेताळ भारतीय चित्रकथेत परतला तो पुढे, वेगळ्या मुखवट्याखाली.

३

पाली हे सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. अंबा नदीच्या खोऱ्यात, सरसगडाच्या पायथ्याशी हे गाव वसले असून अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान येथे आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हाच. त्या भक्ताची कथा गणेशपुराणाच्या उपासनाखंडात येते. पुराणातील पल्ली नगर म्हणजेच आजची पाली, असे स्थानिक परंपरा मानते.

कथा अशी आहे. पल्लीत कल्याण नावाचा वैश्य, त्याची पत्नी इंदुमती व पुत्र बल्लाळ राहत होते. बल्लाळ आपल्या सवंगड्यांसह रानात जाऊन एका दगडाला गणेश मानून पूजा करी. खेळ म्हणून सुरू झालेली ही पूजा मुलांना इतकी गुंतवू लागली की त्यांना घरी परतण्याचे भान राहीना. इतर मुलांचे आईबाप कल्याणाकडे गाऱ्हाणे घेऊन आले. कल्याण संतापून रानात गेला. त्याने पूजा मोडली, दगड फेकून दिला, मुलाला रक्तबंबाळ होईपर्यंत मारले आणि वृक्षाला बांधून तो निघून गेला. बांधलेल्या अवस्थेत बल्लाळाने शाप दिला की, ज्याने माझा देव फेकला व मला मारले, तो आंधळा, बहिरा, मुका व कुबडा होईल. शाप फळला. बल्लाळाच्या आर्त भक्तीने गणेश ब्राह्मणाच्या वेषाने प्रकट झाला. त्याने मुलाला मुक्त केले व वर मागण्यास सांगितले. बल्लाळाने मागितले ते एवढेच की देवाने याच ठिकाणी राहावे. देवाने ते मान्य केले व भक्ताचे नाव आपल्या नावापुढे घेतले.

ही कथा सामान्यतः बालभक्तीचा महिमा म्हणून सांगितली जाते आणि तसे सांगणे चूक नाही. परंतु नीतिशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात तीन पेच आहेत व त्यांपैकी एकही सोपा नाही.

पहिला पेच कल्याणाच्या बाजूने आहे. त्याच्याकडे आलेली तक्रार खोटी नव्हती. मुले खरोखरच घरी येत नव्हती. दुसऱ्यांच्या मुलांची जबाबदारी आपल्या मुलामुळे आपल्यावर आली, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. मुलाला शिस्त लावण्याचा पित्याचा अधिकार त्या काळच्या समाजाने मान्य केलेला होता. म्हणजे कल्याणापाशी अधिकारही होता आणि कारणही होते. त्याचा अपराध प्रमाणाचा होता. समज देण्याऐवजी त्याने मारले आणि मारून झाल्यावर बांधून टाकले. अधिकाराचा अतिरेक कोणत्या क्षणी अत्याचार होतो, हा प्रश्न कथेने आरंभीच मांडला आहे.

दुसरा पेच बल्लाळाच्या शापाचा होय. येथे एक बाब विशेष ध्यानी घेतली पाहिजे. पित्याला शासन देव करीत नाही. देव येतो तो बांधलेल्या मुलाला सोडविण्यासाठी. दंडाची वाणी मारलेल्या मुलाची आहे. पीडित, साक्षीदार, न्यायाधीश आणि दंडधर या चारही भूमिका या मुलाच्या ठायी एकवटल्या आहेत, आणि असे एकवटणे हेच कृष्णछाय महानायकाचे मूळ लक्षण आहे.

तिसरा पेच इंदुमतीचा. ती निरपराध आहे; तिने मुलाला मारले नाही व देवही फेकला नाही. तरीही पतीच्या अपंगत्वाचा भार तिच्यावर पडतो. पुराणात ती मुलाकडे येऊन उःशापाची याचना करते. बल्लाळ शाप मागे घेत नाही. आपले मायबाप आता गजाननच, असे त्याचे उत्तर आहे. पुढील जन्मी इंदुमती वल्लभ राजाची राणी कमला होते व शापित कल्याण तिच्याच पोटी दक्ष या नावाने व्यंग घेऊन जन्मतो. राजा दोघांनाही घालवून देतो. वनवासात मुद्गल ऋषींच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याच्या स्पर्शाने दक्षाचे व्यंग दूर होते.

कथेच्या या उत्तरभागाकडे कीर्तनकारांचे व यात्रेकरूंचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः नैतिक विचाराचे मर्म तेथेच आहे. ज्या पित्याने असहाय मुलाला मारले, तो स्वतः असहाय मूल होतो. दंडाची अशी प्रतिबिंबरचना कोणत्याही आधुनिक चित्रकथाकाराला अभिमान वाटावा इतकी काटेकोर आहे. परंतु कथा तेथेच थांबत नाही. दंडाला अंत आहे, आणि तो अंत दंड देणाऱ्याच्या हातून होत नाही. एका तिसऱ्याच, निर्वैर पुरुषाच्या सान्निध्याने होतो. आईला मात्र दोन जन्म सोसावे लागले, हेही पुराणकाराने लपविलेले नाही.

४

आता मुंबईकडे वळावयाचे. दिल्लीच्या राज कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी डोगा हे पात्र हिंदीत आणले. संजय गुप्ता व तरुणकुमार वाही यांचे लेखन व मनू यांची चित्रे यांतून ते साकारले. भाषा हिंदी असली तरी या कथांची भूमी मुंबई आहे, आणि तीही डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट यांनी हादरलेली मुंबई. ‘कर्फ्यू’ हे या मालेतील आरंभीच्या कथेचे नाव वाचकाला कोणत्या हवेत नेत होते, हे सांगावयास नको.

डोगाची पूर्वकथा संक्षेपाने अशी. कचऱ्याच्या ढिगात टाकून दिलेले एक अर्भक हल्कनसिंग नावाच्या डाकूच्या हाती लागते. तो त्याला माणसाप्रमाणे वाढवीत नाही, कुत्र्याप्रमाणे वागवितो. मोठा होऊन हा मुलगा मुंबईत येतो. तेथे अदरक चाचा नावाचे व्यायामशाळाचालक व त्यांचे बंधू हल्दी, धनिया व काली मिर्च यांच्याकडून त्याला बळ, द्वंद्व व शस्त्र यांचे शिक्षण मिळते. दिवसा तो सूरज असतो. रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून, बंदुका घेऊन, शहराच्या भूमिगत गटारांतून वावरणारा डोगा होतो. शहरातील भटके कुत्रे त्याचे सैन्य आहेत. गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करणे त्याला मान्य नाही; तो त्याला ठार करतो. मोनिका नावाची तरुणी सूरजवर प्रेम करते आणि डोगाचा द्वेष करते. दोघे एकच आहेत हे तिला ठाऊक नसते.

बल्लाळ आणि सूरज यांचे साम्य येथे उघड होते. दोघेही वडीलधाऱ्याच्या हातून मार खाल्लेली मुले आहेत. दोघांनाही बांधण्याच्या व टाकून देण्याच्या क्रियेने घडविले आहे. दोघांच्याही हाती पुढे दंडशक्ती येते. इंदुमतीच्या जागी, म्हणजे दंडाची किंमत मोजणाऱ्या आप्त स्त्रीच्या जागी, चित्रकथेत मोनिका आहे. फरक पडतो तो शक्ती हाती आल्यानंतर. बल्लाळ एकदाच शाप उच्चारतो; वर मागण्याची वेळ येते तेव्हा दुसरा दंड मागत नाही, देवाचा निवास मागतो. सूरजला असा क्षण लाभत नाही. हल्कनसिंगाविषयीचा क्रोध शहरातील प्रत्येक गुन्हेगारावर पसरतो व कोणत्याही एका मृत्यूने शमत नाही.

‘वॉचमेन’मधील रोरशाक हे पात्रही याच जातीचे आहे. वॉल्टर कोव्हॅक्स हे त्याचे मूळ नाव; आईच्या मारझोडीत त्याचे बालपण गेले. १९७५ साली एका अपहृत मुलीचा शोध घेताना तिची हत्या होऊन तिचे अवशेष कुत्र्यांना घातल्याचे त्याला आढळते. तो कुत्र्यांना मारतो, अपराध्याला बेडीने जखडतो आणि घर पेटवून देतो. त्यानंतर मुखवटा हाच आपला खरा चेहरा, असे तो मानू लागतो. त्या मुखवट्यावरील काळे व पांढरे डाग सतत आकार बदलतात, परंतु एकमेकांत कधी मिसळत नाहीत. नैतिक जगात करड्या रंगाला स्थान नाही, या त्याच्या श्रद्धेचे ते प्रतीक होय. कथेच्या शेवटी व्हाइट हा दुसरा नायक अणुयुद्ध टाळण्याच्या हेतूने न्यूयॉर्कमधील लक्षावधी लोकांचा बळी देतो. इतर सर्वजण जगाच्या शांतीसाठी मौन पत्करतात, एकटा रोरशाक नकार देतो व मारला जातो. येथे लेखकाने वाचकाला मोठ्या कोंडीत धरले आहे. ज्याच्या पद्धती किळसवाण्या वाटतात तोच सत्याला चिकटून राहतो, आणि ज्याचा हेतू जगाचे कल्याण आहे तोच सर्वांत मोठा हत्यारा ठरतो.

५

दंडाच्या अधिकाराचा शास्त्रीय विचार येथे उपयोगी पडतो. कौटिल्याच्या मते कठोर दंड देणारा राजा प्रजेला नकोसा होतो, मवाळ दंड देणारा अवहेलनेस पात्र होतो आणि अपराधाच्या योग्यतेप्रमाणे दंड देणाराच आदरास पात्र ठरतो. दंड मुळीच नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळील, हेही तो सांगतो. कृष्णछाय महानायकाचे समर्थन या शेवटच्या विधानावर उभे असते. राज्याचा दंड निकामी झाला आहे, सबब कोणीतरी तो उचलला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. परंतु कौटिल्याच्या विचारात दंड ही विद्या आहे. तो विनयावर, म्हणजे शिक्षणाने आलेल्या आत्मसंयमनावर, अधिष्ठित असावा लागतो. चार चाचांनी सूरजला बळ दिले, शस्त्र दिले. विनय दिला का, हा प्रश्न डोगाच्या वाचकाने विचारण्याजोगा आहे.

आधुनिक विधीची भूमिकाही अशीच आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने आत्मसंरक्षणाचा व दुसऱ्याच्या संरक्षणाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. परंतु त्याला दोन मर्यादा आहेत. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि अधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. डोगा या दोन्ही मर्यादा प्रत्येक कथेत ओलांडतो. तो संकटाला प्रतिकार करून थांबत नाही. संकट टळल्यानंतर शिक्षा करतो.

हा केवळ कल्पनेतला प्रश्न नव्हता. डोगाच्या कथा वाचल्या जात असतानाच मुंबईत पोलिस चकमकींचे युग चालू होते. १९९५ ते १९९७ या काळातील चकमकींतील मृत्यूंविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. मुखवट्यातील मनुष्याने जे केले तर वाचक टाळी देतो, तेच गणवेशातील मनुष्याने केल्यास न्यायालयाला चौकशी का आवश्यक वाटते, याचे उत्तर चित्रकथेच्या एका विशेष सोयीत आहे. चित्रकथेतील अपराधी हा निश्चितपणे अपराधी असतो. वाचकाने मागील पानावर त्याला अपराध करताना पाहिलेले असते. प्रत्यक्षात असे मागील पान कोणापाशी नसते. पुरावा, साक्ष, बचाव आणि अपील यांची सारी यंत्रणा त्या पानाच्या अभावी उभारावी लागली आहे.

अधिकार असूनही दंड शंकास्पद ठरू शकतो, याचे उदाहरण पालीच्या आसमंतातच आहे. १६८१ साली सुधागडाच्या परिसरात छत्रपती संभाजी महाराजांनी राजद्रोहाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो आदी कारभाऱ्यांना देहदंड दिला. त्यांत शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचाही अंत झाला. राजाचा दंडाधिकार निर्विवाद होता. तरीही बाळाजींच्या दोषाविषयी पुढे शंका घेतली गेली. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी मात्र त्याच राजाची व त्याच्या राज्याची निष्ठेने सेवा केली. दंडाचा अधिकार असणे आणि दंड यथार्थ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्टही नसताना केवळ दुसरीच्या खात्रीवर चालणारा मुखवटाधारी किती मोठे ओझे शिरावर घेतो, हे या उदाहरणावरून कळते.

६

प्रतीकांचा विचार करता डोगाच्या कथेत सर्वांत लक्षणीय ठरते ते कुत्र्याचे रूप. पाश्चात्य वाचकाला त्यात केवळ हिंस्रता वा रस्त्यावरचे जिणे दिसेल. मराठी वाचकाच्या मनात या प्राण्याभोवती वेगळे संस्कार आहेत. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान आहेत. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर ज्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो, तो प्रत्यक्ष धर्म असतो. आणि खंडोबाच्या उपासनेत तर मनुष्यच कुत्रा होतो. जेजुरीचा वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवून घेतो, कुत्र्यासारखा भुंकतो व कोटंब्यातील अन्न श्वानवृत्तीने खातो.

वाघ्या आणि डोगा यांची तुलना उद्बोधक आहे. दोघांनीही श्वानरूप पत्करले आहे. वाघ्याचे श्वानत्व समर्पणाचे आहे. त्याला धनी आहे, आणि धनी आहे म्हणून त्याच्या भुंकण्याला व चावण्याला मर्यादा आहे. डोगाचे श्वानत्व त्याच्यावर लादले गेले, मग त्याने तेच चिलखत म्हणून चढविले. अपमानाचे चिन्ह अभिमानाने मिरविण्यात मोठे धैर्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु या कुत्र्याला धनी नाही. देव, राजा, विधी वा गुरू यांपैकी कोणीही त्याला ‘थांब’ असे म्हणू शकत नाही. निष्ठेचे प्रतीक असलेला प्राणी निष्ठेचा विषयच हरवून बसला आहे, ही डोगाच्या मुखवट्यातील खरी शोकांतिका होय.

दुसरे प्रतीक नावाचे. दिवसा सूर्याचे नाव धारण करणारा मनुष्य रात्री भूमीखालच्या गटारातून फिरतो. शहराने जे टाकून दिले ते सर्व, कचरा, सांडपाणी, भटकी कुत्री आणि स्वतः तो, या अंधाऱ्या मार्गात एकत्र आले आहे. तेथून वर येणारा दंड हा शहराच्या त्याज्य भागाने शहराला दिलेला जाब आहे. या प्रतीकाची ताकद नाकारता येत नाही. तरुण वाचकाला डोगा प्रिय झाला तो त्याच्या बंदुकांमुळेच असे नव्हे. टाकलेल्यालाही आवाज असतो, ही ग्वाही त्यात होती.

टाकून दिलेल्या वस्तूचे प्रतीक पालीतही आहे, आणि तेथे ते दगडाच्या रूपाने आजही पाहता येते. कल्याणाने फेकलेला दगड हाच धुंडीविनायक, असे परंपरा मानते. बल्लाळेश्वराचे मुख पूर्वेला व धुंडीविनायकाचे पश्चिमेला आहे. यात्रेकरूने आधी धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावे व नंतर बल्लाळेश्वराकडे जावे, असा प्रघात आहे. या क्रमाचा अर्थ खोल आहे. ज्याचा अपमान झाला त्याला पहिला मान आहे. अन्यायाची स्मृती पुसलेली नाही. उलट ती पूजेच्या आरंभी ठेवली आहे. परंतु त्या स्मृतीच्या नावाने नवा दंड कोणाला दिला जात नाही. फेकलेला दगड परत कोणावर फेकला गेला नाही. तो स्थापिला गेला.

७

दोन्ही कथांतील भेदाचे कारण केवळ लेखकांच्या दृष्टीत शोधणे पुरेसे नाही. ते कथारूपातही आहे. स्थलपुराण एका ठिकाणाला बांधलेले असते. देव तेथे का राहिला, एवढे सांगून झाले की त्याचे कार्य संपते; म्हणून त्याला शेवटाकडे, म्हणजे निवासाकडे व शांतीकडे, जावेच लागते. चालू चित्रकथेची गोष्ट उलट आहे. पुढील अंक निघावयाचा असेल तर पुढील अपराधीही हवा. नायकाचा क्रोध शमला तर माला बंद पडेल. म्हणून डोगाला मुक्ती देणे त्याच्या निर्मात्यांना रूपाच्या नियमानेच अवघड आहे. ‘वॉचमेन’ बारा अंकांत संपते, आणि संपते म्हणूनच तिला आपल्या नायकांचा न्यायनिवाडा करता आला. कृष्णछाय चित्रकथेतील नैतिक पेच सुटत नाहीत असा आक्षेप घेताना, ते सुटण्यास लागणारा शेवट तिला उपलब्ध आहे काय, हे अभ्यासकाने आधी पाहिले पाहिजे.

राज कॉमिक्सनेही हा पेच आपल्या परीने ओळखला होता, असे दिसते. त्याच संस्थेचा सुपर कमांडो ध्रुव हा नायक, अनुपम सिन्हा यांची १९८७ सालची निर्मिती, कोणाचाही जीव घेत नाही. दोघांना एका कथेत आणले की त्यांचा वाद अटळ होतो, आणि त्या वादात मालेने आपल्याच नायकाला प्रश्न विचारला आहे. वेताळाची हरवलेली दुसरी भूमिका ती हीच.

तथापि पुराणकथेचे उत्तर श्रेष्ठ व चित्रकथेचे कनिष्ठ, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पुराणापाशी पुनर्जन्माचे साधन आहे; एका जन्मात न मिटणारे देणे ते दुसऱ्या जन्मावर लोटू शकते. आधुनिक लेखकाला ती मुभा नाही. त्याला सारा हिशेब एकाच आयुष्यात आणि बहुधा एकाच रात्रीत मांडावा लागतो. शिवाय पुराणातील शांतीही निर्भेळ नाही. इंदुमतीच्या दोन जन्मांची वेदना बल्लाळाच्या वराने भरून निघालेली नाही. मोनिकेच्या अज्ञानातही तीच वेदना आहे, आणि डोगाच्या लेखकांनी ती कथेतून काढून टाकली नाही, हे त्यांचे श्रेय होय.

मारलेल्या मुलाच्या हाती शक्ती आली असता त्याने काय मागावे, हा दोन्ही कथांचा समान प्रश्न आहे. बल्लाळाने शाप उच्चारला आणि त्यानंतर निवास मागितला. सूरजला वर मागण्याची संधीच कोणी दिली नाही, कारण त्याला सोडविण्यास वेळेवर कोणी आले नाही. दंडाच्या अधिकाराची चर्चा करणाऱ्याने म्हणूनच दंडधराकडे पाहण्यापूर्वी त्या वृक्षाकडे पाहावे, जेथे एक मूल बांधलेले होते आणि गावातील कोणीही तिकडे फिरकले नव्हते. गाऱ्हाणे घेऊन कल्याणाकडे गेलेले आईबाप त्या दिवशी रानात गेले असते, तर शापाची वेळ आली नसती, आणि मुखवट्याचीही नाही.